बघू म्हणून बाजूला ठेवलेलं

मिस्त्रींनी खोकं उघडलं, क्रँकवरची प्लास्टिकची पिशवी फाडली, वरचं चिकट तेल फडक्यानं पुसलं आणि दाराच्या उजेडाकडे धरून तो सावकाश फिरवला. नवा कोरा. स्कूटरच्या इंजिनातला, पिस्टनचं वर-खाली होणं गोल फिरण्यात बदलणारा भाग. पुण्यात नाना पेठेत दुकानं पालथी घालून मी तो मिळवला होता आणि एसटीत मांडीवर घेऊन कोल्हापूरपर्यंत आणला होता. मिस्त्रींनी कनेक्टिंग रॉड अंगठ्यानं वर-खाली हलवून पाहिला. दोन्ही चकत्यांच्या कडांवरून नख फिरवलं. मग फळीवरचा मायक्रोमीटर काढून तीन-चार ठिकाणी लावला, आणि काही न बोलता क्रँक परत पिशवीत घालून खोकं सुतळीनं बांधलं. "ताई, दुकानदार परत घेत असंल तर देऊन टाका. न्हाईतर ऱ्हाऊ दे घरात. आपण ह्योच बसवू." ह्योच म्हणजे त्यांच्या पायाशी परातीत पडलेला, पुराच्या पाण्यात बुडून निघालेला, जवळपास माझ्याच वयाचा क्रँक.

त्या वेळी मी मान डोलावली, पण ते मनातून जाईना. पैसे मी देणार होते, हात आखडता घ्यायचा नाही असं आधीच ठरवलं होतं. इंजिन उघडलंच आहे तर आतलं सगळं नवं घालावं, म्हणजे पुढची काही वर्षं बघायला नको, हा माझा साधा हिशोब होता, आणि मला वाटतं बहुतेकांचा तोच असतो. शिवाय पुरातून निघालेल्या लोखंडावर विश्वास टाकायचा तरी कसा? रात्री अंथरुणावर पडल्यावरही सुतळी बांधणारे त्यांचे हात दिसत होते. त्यांनी नव्याला नावं ठेवली नव्हती, जुन्याचं कौतुक केलं नव्हतं. मोजलं होतं, आणि ठरवलं होतं.

गाडी आत्तीची, बजाज चेतक स्कूटर. 1987 साली बुकिंगमध्ये तिचा नंबर लागला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गावात. कोल्हापुरातून सकाळी निघायचं, शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडायची, केर्ली मागे टाकायची आणि वाघबिळाचा चढ लागला की गिअर खाली घ्यायचा. नऊवारीतली आजी मागे आडवी बसून, पदर डोक्यावर घट्ट धरून जोतिबाला गेल्याचंही मला आठवतं. मी पुढच्या पत्र्यावर, दोन्ही हातांनी हँडलचा मधला भाग धरून उभी. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे ते दिवस. पहिल्या किकेनंतर उठणारा निळसर धूर, त्याचा गोडसर जळका वास, आणि उभी असताना सगळ्या अंगातून जाणारी ती थरथर. गाडी उजव्या अंगाला जड, कारण इंजिन त्या बाजूला. आत्ती गाडी स्टँडवरून उतरवताना नकळत डाव्या खांद्यानं जरा वर ओढायची. ती अजूनही जिना चढताना तशीच चढते, हे माझं निरीक्षण आहे. ती मानत नाही.

2019 च्या ऑगस्टात शाहूपुरीत कुंभार गल्लीतल्या तिच्या घरात पाणी शिरलं. तिला शेजाऱ्यांनी वेळेत वर नेलं. चेतक जिन्याखाली राहिली. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता, पुण्याहून मला येता येईना, फोनवर फक्त आवाज. पाणी ओसरल्यावर गाडी दिसली ती सीटपर्यंत गाळानं माखलेली. आत्तीनं मिस्त्रींना फोन केला. त्यांचं पहिलं वाक्य तिनं मला नंतर कितीतरी वेळा सांगितलं: "बाई, कुणालाबी कीक मारू देऊ नका." दोन दिवसांनी त्यांचा पोरगा आला, प्लग काढला, गाडी आडवी करून आतलं पाणी ओतलं, प्लगच्या भोकातून डिझेल सोडलं आणि गाडी हातगाडीवर घालून नेली. मग कोरोना आला, 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला, आणि गाडी उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या शेडच्या माळ्यावर ताडपत्रीखाली पडून राहिली. गेल्या हिवाळ्यात आत्ती सहज म्हणाली, "माझी गाडी असती तर जोतिबाला गेले असते." ती आता चालवणार नाही हे तिलाही ठाऊक आहे. पण वाक्य तसं होतं.

इंजिन खोलायच्या दिवशी मी हजर होते. खोलणं एका अर्थी आवाजांचं काम. नट सुटताना आधी कच्चकन येतो तो गंजाचा, नंतर मोकळा येतो तो आट्यांचा. मॅग्नेट, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणारं चाक, पुलरनं ओढताना एकदा ठप्प आवाज झाला आणि मिस्त्री म्हणाले, आलं. केसचे, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचाचे, दोन अर्ध सुटले तसा आतून गाळ, जुनं ऑइल आणि डिझेल यांचा मिळून वास आला. नदीचा वास त्यात अजून होता. मिस्त्रींनी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन ठेवायला सुरुवात केली. तीन ढीग. डावीकडे टाकायचं, उजवीकडे ठेवायचं, आणि मधे, त्यांच्या गुडघ्यासमोर, "बघू".

टाकायच्या ढिगात काय जाणार याचा त्यांनी विचारही केला नाही, हात आपोआप तिकडे वळत होते. सगळी रबरी ऑइल सील, सगळी पॅकिंगं, सगळे स्प्रिंग वॉशर, पिस्टनच्या रिंगा. बेअरिंगं धुतल्यावर चकाकत होती, मला ती चांगली वाटली. त्यांनी एक बोटावर धरून कानाशी फिरवलं आणि माझ्याही कानाशी धरलं. बारीक करकर. गोळ्यांवर पाण्यानं बसलेले डोळ्यांना न दिसणारे खड्डे. सीलचं तर त्यांनी समजावून सांगितलं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलचा वायू आधी क्रँकच्या खोलीत येतो आणि मग वर सिलिंडरमध्ये जातो, म्हणून ती खोली हवाबंद लागते. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर ती खोली गिअरचं ऑइल ओढते आणि गाडी पांढरा धूर ओकते. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि चालत्या गाडीत जाम होतो. वाघबिळाच्या उतारावर मागचं चाक अचानक जाम झालं तर काय, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

इथे मला एक गोष्ट आवर्जून लिहायची आहे, कारण जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या माझ्या ओळखीच्या लोकांत तिचा फार घोळ आहे. चेतक 1972 ला आली आणि 2000 नंतरच्या दशकात बंद झाली. तेव्हाचा कंपनीचा पॅकबंद माल कुठे सापडला की लोक सोनं सापडल्यासारखे वागतात. गिअरच्या बाबतीत ते बरोबरही असेल. पण रबर पाकिटात पडूनही म्हातारं होतं. वीस वर्षं दुकानाच्या माळ्यावर उन्हाळे काढलेलं सील ओठाशी कडक झालेलं असतं, त्यावर कुणाचाही शिक्का असो. तेव्हा "ओरिजिनल" म्हणून तसलं सील बसवण्यापेक्षा आज बनलेलं साधं सील शंभर पटींनी बरं. जुन्यावरच्या प्रेमापोटी इंजिनाचं वाटोळं करू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

ठेवायच्या ढिगात पहिली गेली ती केस. अॅल्युमिनियमचे ते दोन अर्ध कारखान्यात जोडीनं बसवून मग त्यांची भोकं कापलेली असतात, त्यामुळे एक अर्ध या इंजिनाचं आणि एक त्या इंजिनाचं असं जमत नाही. बेअरिंगच्या दोन जागा एका रेषेत येत नाहीत. शिवाय केसवर इंजिन नंबर ठोकलेला. 15 वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन पुढे दर 5 वर्षांनी वाढवून घ्यायचं, त्यासाठी आरटीओत गाडी उभी करायची, आणि तिथे पुस्तकातला नंबर गाडीवर दिसला पाहिजे. मिस्त्रींनी नंबरावरून ओला ब्रश फिरवला, आकडे वाचता आले, तेव्हा ते पहिल्यांदा हसले. गिअर ठेवले. दातांच्या अंगावरची कडक कातडी शाबूत होती, बोट फिरवलं तर गुळगुळीत. पण गिअर बदलणारा चार टोकांचा क्रॉस डावीकडे गेला, त्याची टोकं गोल झाली होती. तिसरा गिअर उतारावर आपोआप सुटायचा, हे आत्ती कितीतरी वर्षं सांगत होती. क्लचच्या पोलादी प्लेटा उजवीकडे, कॉर्कवाल्या डावीकडे.

मधला ढीग मात्र वाढत गेला.

त्यात सिलिंडर होता. पिस्टन जिथे थांबला होता तिथे बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या गोल पोकळीत, गंजाचं एक कडं उमटलं होतं, पुराची पातळी भिंतीवर उमटते तसं. बाकी भिंत ऑइलच्या पापुद्र्यानं राखली होती. तो सिलिंडर बिडाचा, म्हणजे कापून मोठा करता येतो. आधी एक माप मोठा पिस्टन आणायचा, तो मोजायचा, आणि मग त्या पिस्टनच्या मापाला बोअर टाकायचा, या क्रमानं. उलटं करणारे लोक असतात आणि त्यांच्या गाड्या जाम होतात. चेतकचा मूळ बोअर 57 मिलिमीटर आणि स्ट्रोकही, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, 57. अर्धा मिलिमीटर बोअर वाढला तर 145.45 सीसीचं इंजिन 148 चं होतं. आत्तीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग चढाला बरं."

आणि त्याच ढिगात क्रँक. तो टाकायच्या ढिगात का गेला नाही, हे मला कळायला वेळ लागला. या इंजिनात कार्बोरेटरकडून येणारी वाट उघडायला आणि मिटायला वेगळा व्हॉल्व्ह नाही. क्रँकची चकतीच ते काम करते. केसमधल्या भोकावरून तिची कड फिरते, कडेतला कापलेला भाग भोकासमोर आला की वाट उघडी, गेला की बंद. कड आणि केस यांच्यातलं अंतर माणसाच्या केसाहून कमी लागतं. ते वाढलं की आत ओढलेला वायू उलटा कार्बोरेटरकडे फुंकला जातो. गाडी सकाळी सुरू होताना रडते, हळू चालवली की अडखळते, आणि कारण कुणाला सापडत नाही. कीक मारू नका, हे त्या दिवशीचं सांगणं यासाठी होतं. पंचगंगेच्या गाळातला एक कण त्या फटीत फिरला असता तर कड आणि केस दोन्हींवर ओरखडा पडला असता, आणि ओरखडा पडलेली केस कशानंही परत येत नाही. कुणी कीक मारली नाही म्हणून ती वाचली.

मी आणलेल्या नव्या क्रँकच्या कडेवर लेथच्या रेघा नखाला लागत होत्या, आणि त्याचा व्यास जुन्यापेक्षा किंचित कमी भरला. बाकी तो चांगला होता. दुसऱ्या कुठल्या इंजिनात, वेगळा व्हॉल्व्ह असलेल्या, तो कदाचित छान चालला असता. पण या केसला इतकी वर्षं ज्या कडेची सोबत होती ती परातीत पडली होती. जुन्या भागाबद्दल मला आजवर वाटायचं की त्याचं आयुष्य संपत आलंय, एवढंच त्याच्याबद्दल कळतं. मिस्त्रींना त्याच्याबद्दल बरंच काही कळत होतं: कुठे झिजलाय, किती झिजलाय, कुठे मुळीच झिजला नाही. नव्याबद्दल अजून कुणालाच काही माहीत नव्हतं.

तरी क्रँक जसाच्या तसा नव्हता घालायचा. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाची सुयांची बेअरिंग गेली होती, पिनवर पाण्याचे डाग बसले होते. त्यासाठी तो पलीकडच्या गल्लीतल्या टर्नरकडे गेला आणि मीही मागोमाग गेले. उद्यमनगरात सकाळी अकराच्या सुमारास चालावं. एका दारातून ओतकामाच्या ओल्या वाळूचा वास, पुढच्या दारातून कटिंग ऑइलचा, मधेच चहाचा. उसाच्या चरकाचे, ऑइल इंजिनांचे, पंपांचे भाग या गावानं पिढ्यान्‌पिढ्या कापले. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून 1918 च्या सुमारास सिनेमाचा कॅमेराही इथेच घडवला. हातात लेथ आणि नजरेत माप असलं की मिळत नाही त्या वस्तूसाठी अडून बसायचं कारण नाही, ही इथल्या हवेतली समजूत आहे. माझ्या पुण्यातल्या घरी काही बिघडलं की आम्ही आधी मोबाइल उघडतो.

टर्नरनं प्रेसवर पिन ढकलून काढली. दोन चकत्या वेगळ्या झाल्या. नवी पिन, नव्या सुया, नवा रॉड बसवून चकत्या परत दाबल्या आणि मग क्रँक दोन टोकांवर टांगून, फिरताना तो किती डुगडुगतो ते दाखवणारं डायल लावलं. काटा थरथरत एका बाजूला गेला. त्यानं क्रँक काढला, तांब्याच्या हातोड्यानं चकतीच्या कडेला एक ठोका दिला, परत टांगला. काटा कमी गेला. पुन्हा ठोका. कुठे आणि किती जोरानं, हे त्यानं कशावरून ठरवलं ते मला बघूनही कळलं नाही. शेवटी काटा जेमतेम हलत होता. "बसला," तो म्हणाला, आणि शेंगदाणे खाऊ लागला. मी विचारलं, असं किती वेळा करता येतं? पिन दर वेळी काढली-घातली की चकतीतलं भोक किंचित सैल होतं, तो म्हणाला. आणखी एकदा होईल. त्यानंतर नाही.

हे ऐकून मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. वाईट का, ते उघड आहे. बरं यासाठी की जुनं ठेवण्याची हौस मला आवडत असली तरी तिची भीतीही वाटते. माझा मोठा भाऊ म्हणतो, हा सगळा भावनेचा खेळ आहे. चेतक हवी तर कंपनीनं 2020 पासून विजेवरची आणलीय ती घे, आणि ही भंगारात दे. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. टू-स्ट्रोकचा धूर मुलांच्या नाकात जाऊ नये, हे मलाही पटतं, आणि ही गाडी रोज शहरात फिरवायचा माझा विचार नाही. ब्रेकच्या केबली, ब्रेक शू आणि टायर यांत मी कुणाचं काही ऐकून घेतलं नाही, सगळं नवं. तिथे बघू नाही. ज्या भागानं दगा दिला तर माणूस पडतो, तो भाग जपण्याच्या गोष्टी मला सहन होत नाहीत. पण बाकीचं लोखंड, ज्याचं माप अजून बरोबर आहे, ते फक्त वय झालं म्हणून भट्टीत घालायचं, हेही मला आता सहन होणार नाही. त्या क्रँकची कड माझ्या नखाखालून गेली आहे.

खर्चाचं म्हणाल तर जुनं ठेवून फार काही वाचलं नाही. क्रँक दुरुस्त करायची मजुरी, पिन-रॉडचा संच, बोअर, हे सगळं मिळून नव्याच्या आसपास गेलं. मिस्त्री बिलात मोजण्याचे पैसे लावत नाहीत. उघडलेल्या भागाकडे बघत बसण्यात त्यांची अख्खी दुपार गेली ती कुठेच लिहिलेली नव्हती. मी जास्त देऊ केले तर त्यांनी परत केले. म्हणून मला काळजी वाटते. त्यांचा पोरगा शिरोलीच्या एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर, लागलाय, पगार वेळेवर होतो, आणि त्यानं तिथेच राहावं असं मिस्त्रींनाही वाटतं. मलाही त्या जागी तेच वाटलं असतं. मग आणखी दहा वर्षांनी हे इंजिन उघडलं तर मधला ढीग कोण लावणार? कुणीच नसेल तर दोनच ढीग उरतील, आणि उजवीकडचा फार लहान असेल.

इंजिन बांधलं त्या दिवशी एका भागावरून आमचं थोडं वाजलं. किकचा दांडा. त्यांनी तो डावीकडे टाकला होता, कारण वाकडा. 1990 च्या आसपास आत्ती केर्लीजवळ म्हैस वाचवताना उजव्या अंगावर पडली होती, तेव्हाचं वाकण. मी तो ढिगातून उचलला. "वाकडा हाय," ते म्हणाले. मी म्हटलं, आतले दाते बघा. त्यांनी बघितले, रॉकेलनं धुऊन पुन्हा बघितले, शाफ्टवर चढवून हलवले. दाते शाबूत. मग दांडा तापवून सरळ करतो म्हणाले, तर मी आत्तीला फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून काय सांगितलं गेलं ते मला ऐकू आलं नाही. मिस्त्री फक्त "हां बाई, हां बाई" करत होते. फोन परत देताना म्हणाले, बाईंची चप्पल त्या वाकणात नीट बसायची, साडीत पाय सटकायचा न्हाई.

गाडी दुसऱ्या किकेला सुरू झाली. नवा पिस्टन बसेपर्यंत हळू चालवायची म्हणून मी ती चाळिसाच्या वर नेली नाही, आणि आत्ती मागे बसून सारखी विचारत होती की एवढी हळू का. वाघबिळाला तिसरा गिअर सुटला नाही. वर पोचल्यावर तिनं इंजिनावर हात ठेवून पाहिला, चटका बसला, आणि ती नुसती बरं म्हणाली. घरी आल्यावर मिस्त्रींच्या वहीतली मापं मी एका जाड पुठ्ठ्यावर उतरवून घेतली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून डिकीत ठेवली, पुढे जो कुणी हे इंजिन उघडेल त्याच्यासाठी. बोअर किती, पिस्टन किती, डायलवर काटा किती हलला. केस जुनी. गिअर जुने, क्रॉस नवा. बेअरिंगं आणि सील नवी, तारखेसह. क्रँकच्या चकत्या जुन्या, पिन-रॉड नवा, आणखी एकदाच निघेल. कीक जुनी, वाकडी, सरळ करू नये.